डावीकडची ओळ

मित्रांनो, मी भिंतीवर टांगायचा एक जुना चिनी अक्षरपट आहे; खरे सांगायचे तर एका जोडीतला उरलेला अर्धा. कोठी नावाच्या बाजारपेठेतले दातांचे डॉक्टर लिऊ यांच्या वडिलांनी आम्हा दोघांवर काळ्या शाईने एकेक उभी ओळ लिहिली, मागे रेशमी कापड चिकटवले आणि तळाला वजनासाठी सागाची दांडी बसवली. चिनी वाचन उजवीकडून सुरू होते, म्हणून पहिल्या ओळीचा थोरला पट उजवीकडे, मी डावीकडे. तो विचारी, ‘दूर डोंगरी निघालास, मित्रा, परतशील कधी?’ मी सांगे, ‘दारात दिवा ठेव, येईन तो विझण्याआधी.’

लिऊंच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेले रोगी आमच्याकडे पाहत घटकाभर कळ विसरत.

१९९२ साली लिऊ मुलीकडे कॅनडाला निघाले. जाताना त्यांनी आम्हाला तीस वर्षांपासूनचे शेजारी भगवंतराव यांच्या हाती दिले. तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेल्या भगवंतरावांनी ओळंबा लावून आम्हाला टांगले. अर्थ मात्र विचारला नाही.

चार वर्षांनी भगवंतरावांचा धाकटा मुलगा प्रथमेश संगणकाच्या नोकरीसाठी बंगळूरला निघाला आणि थोरल्या उदयने दिलसुखनगरला फ्लॅट घेतला. भगवंतराव सामानाची वाटणी करू लागले. आम्हाला त्यांनी फूटपट्टीने मोजले. दोघे तंतोतंत सारखे भरलो.

“अहो, जोडी आहे ती,” त्यांच्या पत्नी तारामतीबाई म्हणाल्या.

“म्हणूनच एकेकाला एकेक. उद्या कुणी कमी-जास्त म्हणायला नको.”

थोरला पट प्रथमेशबरोबर बंगळूरला गेला. मी भगवंतरावांबरोबर उदयकडे आलो.

१९९९ साली लिऊ भेटीला आले. त्यांनी मला वाचले, मग माझ्या उजवीकडच्या दिनदर्शिकेकडे पाहिले.

“भगवंतराव, ये तो जवाब है. सवाल किधर गया?”

त्या दिवशी भगवंतरावांना प्रथमच आमचा अर्थ कळला. त्यांनी लगेच बंगळूरला फोन लावला. सून अश्विनी म्हणाली की ओल लागून डागाळलेला तो कागद रंगकामाच्या वेळी टाकून दिला. कुणाला वाचता तरी कुठे येत होता?

भगवंतरावांनी रिसीव्हर हळूच खाली ठेवला. लिऊंना त्यांनी सगळे खरे सांगितले आणि मला परत न्यायला विनवले. लिऊंनी नकारार्थी मान हलवली. “रहने दो,” एवढेच म्हणाले. चहा तसाच निवला.

मित्रांनो, एखादी वस्तू तुम्हाला वाचता येत नसेल, तर देणारा समोर आहे तोवर त्याला विचारा. फूटपट्टीला फक्त लांबी कळते.

माझे उत्तर मला अजून पाठ आहे. ते कुणाला द्यायचे, तेवढे कळत नाही.