काउंटरमागची जागा

मी एक स्टूल बोलतोय. सागवानी वगैरे नाही, आंब्याच्या लाकडाचं. मांजरी गावच्या जयसिंगरावांनी कोथरूडला पहिलं किराणा दुकान टाकलं तेव्हा मला करवून घेतलं, आणि स्वतः मात्र माझ्यावर कधी बसले नाहीत. "गिऱ्हाईक उभं असताना आपण बसायचं म्हणजे काय?" असं म्हणायचे. मला त्यांचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू.

माल स्वस्त, मापात चोख. दुकान वाढलं, शाखा निघाल्या, तरी माणूस जुन्याच स्कूटरवर. दिवा उगाच जळताना दिसला की स्वतः जाऊन बंद करायचे. इथला फालतू खर्च म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशाला कात्री, हे त्यांचं ठाम मत. बिलं करणाऱ्या बायकांना खुर्च्या नव्हत्या त्या याच हिशोबाने. माझी रवानगी कोठीत झाली.

नसीमबानू पहिल्यापासून काउंटरवर. लग्नानंतर फार वर्षांनी तिला दिवस गेले. सातव्या महिन्यात पाय सुजून टम्म झाले, तेव्हा तिने जयसिंगरावांना कोठीच्या दारात गाठलं.

"शेठ, ते स्टूल काउंटरमागे घेऊ का? बाळ होईपर्यंतच."

"एकीला दिलं की सगळ्या मागतील, नसीमबानू. तेवढ्या जागेत आणखी एक काउंटर बसतो. मग भाव कमी कसे ठेवू मी?"

आणि लगेच त्यांनी तूप, खारीक, डिंक, बदाम अशी भलीमोठी पिशवी भरून तिच्या हातात दिली. एक पैसा घेतला नाही.

"हे तरी बसून खाऊ ना, शेठ?" ती म्हणाली. जयसिंगराव हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

नवऱ्याचं काम सुटलेलं, म्हणून ती उभी राहिली. थोड्याच दिवसांत काउंटरवरच तिला कळा सुरू झाल्या. मूल वाचलं नाही. दवाखान्याचा सगळा खर्च जयसिंगरावांनी केला. उभं राहिल्यामुळेच झालं असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. ते वाक्य जयसिंगराव दुकानात ज्याला त्याला सांगत होते, कोणी विचारलं नव्हतं तरी.

मग त्यांनी मला टेम्पोत घालून तिच्याकडे पाठवलं. तिच्या घरी, काउंटरमागे नव्हे. तेव्हा मला त्यांचा पहिल्यांदा राग आला.

महिन्याभराने ते स्वतः आले. नसीमबानूने मला पुढे सरकवलं. "बसा, शेठ." ते टेकले.

"कामावर या. पगार वाढवतो."

"हे स्टूलही येईल माझ्याबरोबर?"

"तेवढं सोडून काहीही मागा."

"मग राहू द्या," ती म्हणाली.

आता मी तिच्या दाराशी असतो. आल्यागेल्याला ती बसायला सांगते, स्वतः मात्र माझ्यावर बसत नाही. मला फार वाईट वाटतं.

जयसिंगराव, तुम्ही लबाड नाही, हे मी कुणालाही सांगेन. तुमचे भाव अजून सगळ्यांत कमी आहेत, असं इथे येणारे बोलतात. पण आजही त्या काउंटरमागे कुणीतरी दिवस गेलेली उभी असेल. मला न्यायला या. ती थकायच्या आत या.