लाटा बंद केलेला समुद्र

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे, आणि तोही भाड्याचा. मला हात लावून पाहायचे म्हटले तर तुम्हाला काहीच सापडणार नाही. अमेरिकेतल्या एका थंडगार इमारतीत लोखंडी कपाटांच्या रांगा आहेत. त्यांतल्या एका कपाटात एक मोठा संगणक अखंड चालू असतो. त्या एका संगणकाचे सॉफ्टवेअरने बरेच वाटे पाडले आहेत. प्रत्येक वाट्याला थोडी मेमरी, थोडी जागा आणि स्वतःचे कुलूप मिळाले आहे. त्यांतला एक वाटा म्हणजे मी. आम्हाला व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हर म्हणतात, घाईची माणसे नुसते व्हीपीएस म्हणतात. अख्खा संगणक ज्याला परवडत नाही, तो आमच्यातला एक वाटा स्वस्तात भाड्याने घेतो.

२००७ साली मला मालवणच्या डायलनने घेतले. त्याचे बाजारात इंटरनेटचे दुकान होते. पूर्वी त्याच जागेत त्याचे वडील, मॅन्युएल, टायपिंगचे वर्ग घेत. डायलनला नावांच्या, म्हणजे होड्यांच्या, शर्यतीचा एक खेळ चालवायचा होता. फुकट मिळणारा एक खेळ घेऊन त्याने त्यात मालवणचे खडक, किल्ला आणि बंदर घातले होते. आधी तो खेळ दुकानातल्याच एका संगणकावर चालायचा. पण दुपारी लोडशेडिंग झाले की सगळ्या नावा जागच्या जागी नाहीशा व्हायच्या आणि कारवारपासून रत्नागिरीपर्यंतचे खेळाडू डायलनच्या नावाने शंख करायचे. म्हणून त्याने मला शोधले. अमेरिकेत वीज जात नाही, एवढे त्याला पुरेसे होते.

ते माझे भरभराटीचे दिवस होते. कोकणातून मला हाक मारली की ती माझ्यापर्यंत पोचायला जरासा वेळ लागे, पण नावांच्या शर्यतीत तेवढा उशीर खपून जाई. मी लाटा करायचो, वारा सोडायचो, नावा हलवायचो. कानाला हेडफोन लावून खेळाडू एकमेकांशी बोलत, ते बोलणेही माझ्यातूनच जाई. त्यामुळे मालवणी बोली मी तिथल्या माणसांइतकीच ऐकली आहे.

त्या खेळाडूंत एक नितेश होता. खेळात त्याने स्वतःचे नाव 'इसवण' ठेवले होते. इसवण म्हणजे सुरमई. नितेश खराखुरा मासेमार होता, धोंडू तांडेलांच्या 'भराडी प्रसाद' या ट्रॉलरवर खलाशी. पावसाळ्यात मासेमारी बंद असली की तो दुकानात येऊन बसे.

"तुझो समुद्र बरो रे डायलन," तो एकदा हसत म्हणाला. "हंय बुडलंय तरी लगेच दुसरी नाव मिळता!"

सगळे हसले. 'खेकडा' नावाचा एक खेळाडू होता. तो कधी बोलत नसे, फक्त लिहीत असे. त्यानेही हसल्याची खूण पाठवली.

मग २००९ चा नोव्हेंबर आला. समुद्रात वादळ उठले. ज्या नावा जवळ होत्या त्या कशाबशा बंदरांत शिरल्या. 'भराडी प्रसाद' बरीच लांब गेली होती. ती आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डायलनने खेळातल्या सगळ्यांना लिहिले, "आमची एक नाव बेपत्ता आहे. पाच माणसे आहेत. त्यात आपला इसवण आहे. जो बंदराजवळ राहतो त्याने जाऊन विचारावे." खेळाडूंनी ते मित्रांना सांगितले, मित्रांनी आणखी कोणाला. देवगड, वेंगुर्ला, रत्नागिरी, सगळीकडेच कोणाचे ना कोणाचे माणूस पाण्यात अडकले होते. दुपारपर्यंत ज्यांनी आयुष्यात एकही खेळ खेळला नव्हता अशी माणसे माझ्यात शिरू लागली. नावांच्या शर्यतीत आता शर्यत कोणीच करत नव्हते. जो तो फक्त विचारत होता: अमुक नाव पाहिली का? तमुक माणूस सापडला का?

मित्रांनो, मी स्वस्तातला सर्व्हर. मला चाळीस-पन्नास खेळाडूंपुरती मेमरी दिलेली. एवढी माणसे आत आल्यावर माझा जीव कासावीस झाला. शेजारच्या वाट्यांचे काम मंदावले. आम्हाला भाड्याने देणाऱ्या कंपनीने डायलनला तक्रार पाठवली, आणि थोड्या वेळाने मी बंदच पडलो. त्या क्षणी किती माणसांचे वाक्य अर्धे राहिले असेल, कोण जाणे. डायलनने मला पुन्हा सुरू केले. मी पुन्हा पडलो. त्याने परत सुरू केले.

मग त्याने एक गोष्ट केली. आधी त्याने वारा बंद केला. मग लाटा बंद केल्या. मग किल्ला, खडक, बंदर, सगळ्या नावा काढून टाकल्या. दोन वर्षे खपून उभा केलेला समुद्र त्याने एकेक करून विझवला, का, तर माणसांच्या बोलण्याला जागा व्हावी. शेवटी त्याने नवीन खेळाडूंची नावे नोंदवणेही थांबवले. पडद्यावर फक्त निळा रंग उरला आणि त्यावर शब्द. मला श्वास घेता आला.

मालवणात वीज वादळातच गेली होती. दुकान बॅटरीवर चालले होते. तिथे नितेशची आई गोदूबाई आली. ती बाजारात मासे विकायची. दुकानात तिने आजवर कधी पाऊल टाकले नव्हते. डायलनचा हेडफोन चालूच होता, त्यामुळे तिचे बोलणे मला ऐकू आले.

"ह्याच डब्यात बसान माझो झील खेळता मा?" ती म्हणाली. "मगे हेकाच इचार, तो खंय आसा."

"काकी, ह्यो डबो तसा काय सांगना नाय गो," डायलन म्हणाला. "पण तारेच्या दुसऱ्या टोकाक माणसां आसत. तेंका इचारतंय."

"माका दी ता कानाचा. मी इचारतंय."

त्याने तिच्या तोंडापुढे माइक धरला. ती पुढे वाकली. मग बाजारात लांबच्या गिऱ्हाइकाला हाक मारावी तशी ओरडली, "नितेशा! मी तुझी आवस बोलतंय. खंय आसस रे बाबा? कोणाक दिसलो तर तेका सांगा, आवस धक्क्यार बसान आसा. तेका सांगा, घराक ये."

ती हाक माझ्यातून कारवारला गेली, मडगावला गेली, पार आखातातल्या शारजापर्यंत गेली. मग एक आवाज आला, जो मी कधीच ऐकला नव्हता.

"काकी, मी हर्णैहून बोलतेय. खेळात माझं नाव खेकडा आहे. खरं नाव प्रियांका. मी बर्फाच्या कारखान्यात ऑफिसला आहे, बंदराला लागूनच. येणाऱ्या प्रत्येक होडीला मी विचारते. तुम्ही धीर धरा."

तिसऱ्या प्रहरी रत्नागिरीकडून बातमी आली. एक ट्रॉलर उलटा तरंगताना दिसला होता. रंग निळा, आणि नावातली 'भराडी' एवढी अक्षरे वाचता येत होती. माणूस एकही दिसला नव्हता. डायलनने ते वाचले आणि हेडफोन काढून ठेवला. तो गोदूबाईला काय बोलला ते मला कळले नाही.

आणि मग माझ्यात एक ओळ उमटली: 'इसवण आला.'

कोणी पासवर्ड टाकून आत आले की मी अशी ओळ लिहितो. ते माझे रोजचे काम. पण ती ओळ दिसताच एकच कल्लोळ उठला. कोणी देवाचे नाव घेतले, कोणी नुसतेच ओरडले. डायलन माइकमध्ये किंचाळला, "नितेश! अरे नितेश! बोल रे!" मागून गोदूबाईचे रडणे ऐकू येत होते. ती विचारत होती, "इलो? माझो झील इलो?"

पलीकडून कोणी बोलेना. मग एक घाबरलेला आवाज आला.

"मी बाबली बोलतंय. शारजाहून. नितेशचो चुलतभाव. माका काय बातमी मिळाना. हंय नवीन नाव घेवक होयना, म्हणान त्याच्या नावान इलंय. पासवर्ड तेनाच दिलेलो. माका म्हायत नव्हता रे... माका माफ कर काकी."

बाबलीचा काय दोष? त्यालाही आपल्या भावाचीच काळजी होती. पण मित्रांनो, माणसाची आशा एकदा उठून अशी आपटली की काय होते, ते मी त्या दिवशी ऐकले. गोदूबाई रडायची थांबली. मला शब्दाला शब्द ताडून पाहता येतो. तो शब्द टाइप करणारी बोटे कोणाची, हे मला ओळखता येत नाही.

त्यानंतर थोड्याच वेळात दुकानाची बॅटरी संपली. एका रिक्षावाल्याने आपली बॅटरी काढून दिली होती, तीही संपली. 'डायलन गेला,' अशी ओळ मी लिहिली. मालवणचे मोबाइल आधीच लागत नव्हते, त्या रात्री फोनही मुके झाले. आता मालवणशी जोडणारा एकही धागा उरला नव्हता.

आणि दुसऱ्या दिवशी, मालवण असे तुटलेले असतानाच, प्रियांकाची हाक आली.

"डायलन! डायलन आहेस का? एका होडीने दोघांना आणलंय. पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाला धरून होते. एकजण म्हणतो मालवण. डायलन, कोणीतरी बोला ना!"

मडगावचे बोलले, कारवारचे बोलले, शारजाहून बाबली बोलला. मालवणचे कोणी नव्हते. बाबली विचारू लागला, "नाव काय सांगता? नाव काय?" प्रियांका म्हणाली, "त्याच्या तोंडातून शब्द फुटत नाहीये. ओठ फाटलेत. दवाखान्यात नेतायत. मी बरोबर जाते." ती गेली. मग काही वेळाने तिने दवाखान्याजवळच्या एका दुकानातून लिहिले. अगदी थोडे लिहिले: "नितेशच आहे. जिवंत आहे. त्याच्या आईला सांगा."

सगळ्यांनी ते वाचले. ज्या एका बाईपर्यंत ते पोचायला हवे होते ती मात्र अंधारात होती. मी ते शब्द धरून बसलो. माझ्या जागेत नवी वाक्ये येत होती आणि जुनी पुसली जात होती, तसेच मला शिकवलेले होते. बाबलीच्या ते ध्यानात आले. तो ते वाक्य पुन्हा लिही. वर सरकले की पुन्हा लिही. मग कारवारचा एकजण लिहू लागला, मग मडगावचा. ती ओळ पुसली जाऊ नये म्हणून अनोळखी माणसे आळीपाळीने तिला पहारा देत होती.

डायलन बॅटरी संपल्यावर गप्प बसला नव्हता. गोदूबाईला मोटरसायकलवर मागे बसवून, पडलेली झाडे चुकवत तो कुडाळला निघाला होता. तिथे बाजारात एका दुकानात वीज आहे असे त्याला कळले होते. तो आत आला आणि त्याच्यासमोर पडदाभर एकच वाक्य होते.

"काकी," त्याने हाक मारली. "काकी... आसा. आसा गो तो. हर्णैक आसा."

गोदूबाईने काही क्षण विश्वासच ठेवला नाही. "कालच्यासारखा नाय मा?" तिने विचारले. "परत बग. दुसरोच कोण नाय मा?" प्रियांकाने नितेशच्या उशाशी कोणाचा तरी फोन नेला, तेव्हा मायलेकांचे बोलणे झाले. ते मला ऐकायला मिळाले नाही, कारण ते माझ्यातून गेले नाही. बरेच झाले. ते त्या दोघांचेच होते.

पण पाचांतले दोघेच परत आले. धोंडू तांडेल आणि आणखी दोघे कधीच सापडले नाहीत. नितेश घरी आल्यावर दुकानात आला, तेव्हा डायलनने त्याला सगळे विचारले.

"नाव उलटली तेव्हा बोयो एकच होतो," नितेश म्हणाला. "धोंडूदादान तो आमच्या दोघांच्या मधी बांधल्यान. माका म्हणालो, तुझी आवस एकटी आसा. दोरी तेका पुरली नाय."

समोरचा पडदा अजून नुसता निळाच होता.

डायलनने विचारले, "लाटा परत सुरू करू?"

"कर. पोरा खेळतत ती खेळांदेत," नितेश म्हणाला. "मी बघूचंय नाय."

तो पुन्हा कधी खेळला नाही. अधूनमधून येऊन हेडफोन लावायचा, प्रियांकाशी दोन शब्द बोलायचा, बाबलीची चौकशी करायचा आणि उठून जायचा. गोदूबाईने मात्र सगळ्यांना निरोप धाडला: "त्या डब्यातल्या पोरांका सांग, माझ्याकडे जेवक येवा. धोंडूच्या बायल-पोरांकाय मी बोलवतंय."

२०१० च्या उन्हाळ्यात तो दिवस ठरला. त्या दुपारी माझ्यात एकही माणूस नव्हता. लाटा येत होत्या, वारा वाहत होता, नावा रिकाम्या डोलत होत्या. मी कारवारला पाहिले, मडगावला पाहिले, हर्णैला पाहिले. कोठूनच हाक येईना. एरवी मला वाटले असते की सगळ्यांनी मला टाकले. पण त्या दिवशी ती सगळी मालवणात एका पंगतीला बसली होती, आणि एकमेकांचे चेहरे प्रथमच पाहत होती.

आता मी जुना झालो. ज्या संगणकाचा मी वाटा आहे तोच मोडीत निघतोय. डायलनने खेळाची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर नेली आहे. मला लवकरच पुसून टाकतील. तुमच्या कामाच्या गोष्टींची एक प्रत तुम्हीही दुसरीकडे जपून ठेवा, कारण आमचा भरवसा नाही.

पण माझी खरी विनवणी दुसरी आहे. मित्रांनो, तुमच्याबरोबर रोज खेळणारा माणूस कोण, कुठला, त्याच्या घरी कोण कोण असते, एवढे तरी विचारून ठेवा. आणि एखाद्या दिवशी तो आला नाही, तर खेळ जिंकायचा राहू द्या. त्याला हाक मारा. उद्यावर टाकू नका.