स्पीकरला जागा

आमची ही दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. दिवसभर कानाशी घासायचं मशीन किरकिरत असतं, म्हणून घरी आल्यावर तासभर तरी काहीतरी चांगलं ऐकायचं, हा तिचा लग्नाआधीपासूनचा शिरस्ता. त्यासाठी मागची खोली होती. तिथे कमरेएवढे उंच दोन स्पीकर उभे असत आणि मधोमध एक खुर्ची. त्या तासात मी तिकडे फिरकत नसे.

मग आईचं खुब्याचं हाड मोडलं, ती आमच्याकडे राहायला आली आणि मागची खोली तिची झाली. वॉकरला आडवे येतात म्हणून स्पीकरही हिने स्वतःच आपल्या भावाकडे पोचवले. चार महिने गेले. मग एकदा जेवताना ती म्हणाली की भिंतीवर लावायचे छोटे स्पीकर आणू, म्हणजे आईंच्या वाटेत काही येणार नाही. आईने मान डोलावली. भिंतीला दोन खोके टांगायचे, त्यात काय एवढं, असं मलाही वाटलं.

रविवारी टेप घेऊन आम्ही खोली मोजली. दहा बाय बारा. उजवीकडची भिंत म्हणजे नुसता पोकळ पत्रा, आमची झोपायची खोली वेगळी करायला घातलेला. तिच्यावर कॅलेंडरसुद्धा जपून लावावं लागतं. डावीकडे जमिनीपासून छतापर्यंत कपाटं. समोर सगळी खिडकी. उरली दाराची भिंत. ती पक्की विटांची, पण दार आत उघडून तिच्यावरच टेकायचं. दाराचे तीन फूट आणि उघडलेल्या फळीचे तीन, म्हणजे हाती राहिले चार.

"चार फुटांत दोन स्पीकर म्हणजे एकच स्पीकर," ही म्हणाली. "एकमेकांना चिकटून बसल्यावर डावं-उजवं काय कळणार?"

दुकानदाराला तिने खोलीचा नकाशाच दाखवला, दारासकट. त्याने तो नीट पाहिला, उलटा धरून पाहिला आणि उभे स्पीकर घ्या म्हणाला. जमिनीवर काही ठेवायचं नाही, हे तिने तीनदा सांगितलं. चौथ्यांदा मी सांगितलं तेव्हा त्याला पटलं, आणि त्यामुळे ही माझ्यावरच चिडली. शेवटी त्याने एक जोडी काढली, मागे खिळ्यात अडकवायची सोय असलेली. भिंतीसाठीच बनवलेत, म्हणाला.

दाराचं काय करायचं ते सुताराने सोडवलं. बिजागऱ्या पलीकडच्या बाजूला घेतल्या, की दार कपाटावर टेकेल आणि भिंत मोकळी होईल. यात आईच्या कपड्यांचं कपाट दार लावल्याशिवाय उघडणार नव्हतं. मी लावून घेत जाईन दार, आई म्हणाली. सुताराला तीन फेऱ्या लागल्या. पहिल्यांदा बिजागऱ्या लहान पडल्या, दुसऱ्यांदा तो ड्रिलचं बिट विसरून आला. तिसऱ्यांदा काम झालं, पण दार खाली घासायला लागलं, म्हणून ते काढून त्याला रंधा मारला. हिने तेवढ्यासाठी लॅबमधून अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. दाताचा उंचवटा केसभर चुकला तरी कवळी परत येते, अशा कामात तिची वीस वर्षं गेलेली. "चालतंय की" हा सुताराचा शब्द ऐकला की ती जबडा आवळायची.

स्पीकर लागले. तिने आवडीची तबकडी लावली आणि दोन मिनिटांत बंद केली. ढोल नसलेल्या जागी ढोल वाजत होता. कुणी माठात तोंड घालून बोलावं तसा गाणाऱ्याचा आवाज. तिने स्पीकर उतरवून उलटा केला, तर पाठीमागे मुठीएवढं भोक. आतली हवा तिथून बाहेर पडते आणि मागे भिंत असली की सगळं घुमतं. भिंतीपासून किमान हातभर लांब ठेवा, असं माहितीपुस्तकाच्या नवव्या पानावर बारीक अक्षरांत छापलेलं होतं.

"भिंतीवर लावा, पण भिंतीपासून लांब ठेवा," ती म्हणाली. "हे लिहिणाऱ्याला माझ्यासमोर आणून बसवा."

बदलून घ्यायला दुकानात चार खेपा झाल्या. आधी खोका नाही म्हणून, मग खोक्यातला थर्माकोल नाही म्हणून. अखेर तिने बंद पाठीचे, वीतभरसुद्धा जाड नसलेले स्पीकर निवडले. तेच निवडायला तिला तीन शनिवार लागले होते. दुकानातला प्रत्येक जोड तिने एकाच तबकडीवर, एकाच जागी बसून ऐकला. दुकानदार तिला बघून आतल्या खोलीत जायला लागला होता.

ते लावल्यावर मात्र खरा आवाज आला. पण आता नीट ऐकू येणारी जागा शोधायची होती. दोन्ही स्पीकर दोन्ही कानांपासून सारखे लांब हवेत आणि मागची भिंत फार जवळ नको. तिने दोरी घेतली, दोन्हीकडून सारखी मापली आणि मला एक टोक धरायला लावलं. दार डावीकडे असल्यामुळे सगळा मध्य उजवीकडे सरकला होता. दोन्ही दोऱ्या जिथे मिळाल्या तिथे आईची उशी होती.

पलंग हलवता येत नव्हता. मालिशवाल्या बाईला दोन्ही बाजूंनी फिरता आलं पाहिजे आणि खिडकीचा वारा अंगावर नको, म्हणून तो बरोबर तिथेच होता. आई उशीला टेकून आमच्या दोऱ्यांकडे बघत होती. मग तिने कानातलं यंत्र काढून डबीत ठेवलं आणि म्हणाली, "लाव तू तुला हवं तेवढं मोठ्याने. मला काही त्रास नाही."

ही खोलीबाहेर गेली आणि ओट्याशी पाठ करून उभी राहिली. मी पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही.

"दोन महिने," ती म्हणाली, "आणि सगळ्यात चांगल्या जागेवर बसणारं माणूस यंत्र काढून ठेवतं."

दुसऱ्या दिवशी तिने आईला विचारलं, अगदी मऊ शब्दांत. उशी पायथ्याशी घेऊ का, म्हणजे तासभर मला इकडे टेकता येईल. आईने यंत्र घालून पुन्हा विचारायला लावलं.

"तिकडे डोकं केलं की दार पाठीमागे जातं," ती म्हणाली. "मी पडले ना, त्या दिवशी दोन तास न्हाणीघरात होते. कोणी आत येतंय का, एवढंच बघत होते. मला दार दिसलं पाहिजे गं."

आम्हाला पडल्याचं ठाऊक होतं. दोन तासांचं तिने कधी सांगितलं नव्हतं. ही आईच्या पायांशी पलंगावर बसली आणि पांघरुणाची घडी मोडून पुन्हा घालत राहिली. नंतर तो विषय तिने काढला नाही.

आता असं ठरलंय. आईचं चालणं सकाळी असायचं, ते संध्याकाळी सहावर आणलं. ही लॅबमधून आली की मी आईला घेऊन बाहेरच्या पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालतो आणि ही आईच्या उशीवर डोकं टेकून पडते. तबकडी पन्नास मिनिटांची आहे. आई अर्ध्या तासात दमते. आणखी एक फेरी मारू, असं मी म्हणतो, आणि कधीकधी ती मारतेही. पण मग दारात वॉकर टेकून उभी राहते आणि ही उठते. राहिलेलं ती कपाटाला टेकून ऐकते. तिथे एक स्पीकर फार जवळ आणि दुसरा लांब पडतो, म्हणून मान एका बाजूला कलती करून, कपाळाला आठ्या घालून उभी असते. तेवढ्यात आईला दुसरं पातळ हवं असतं, आणि कपाटासाठी ही दार लावायला पुढे होते.