पिठावरचा थेंब

विश्वेश खोटं बोलताना आवाज मऊ करतो. लहानपणापासूनची खोड. एकादशीच्या सकाळी तो म्हणाला, "आई, पायसाचं भांडं आहे. लग्नाच्या एका कल्याणमंडपाचं," तेव्हा आवाज अगदी लोण्यासारखा होता.

मागच्या पडवीत पिंपाएवढं स्टीलचं पातेलं. बुडाजवळ भोक, भोकातून आत गेलेली हीटरची कॉइल, बाहेरून नट आणि वायरची डबी. माझ्या मुलाचं तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. असली कामं तो तिथेच करतो. मग हे घरी का? आणि पायसाला आत कॉइल कोण बसवतो? दूध चिकटून करपणार नाही का?

केराच्या टोपलीत कॉइलचा खोका सापडला. वरचं चित्र फाडलेलं, पण अर्धा पेला उरला होता. काठावर फेस.

"हे काय रे?"

"फेस कॉफीलाही येतो, आई."

"एवढ्या उंच काचेच्या पेल्यात? तंजावरात?"

सून अखिला तोंडावर हात ठेवून म्हणाली, "आई, तुम्ही पोलिसात नोकरी करायला हवी होती."

दारूशी संबंध असलेली वस्तू ज्या घरात असेल तिथे मी पाणी घेत नाही. लग्नाआधीपासूनचा नेम. आज निर्जळ, म्हणजे प्रश्न नव्हता. पण उद्या द्वादशी, सूर्योदयानंतर पारणं. त्यासाठी हादग्याचा पाला निवडून ठेवला होता. "संध्याकाळी गाडी येईल, घेऊन जाईल," विश्वेश पुन्हा मऊ बोलला. म्हणजे माझा नेम त्याच्या लक्षात होता!

त्यानं पातेलं पाण्यानं भरलं, वरवर हात फिरवला, "झालं," म्हणाला आणि दुकानात गेला. मला राहवेना. कल्हई करून आलेल्या भांड्याखाली आम्ही दारातल्या कोलमचं, म्हणजे रांगोळीचं, तांदळाचं पीठ पसरतो; त्यावर थेंब लपत नाही. तसंच पसरलं.

तीन वाजता नटाच्या बरोबर खाली पिठात रुपयाएवढा ओला डाग. दुसरा थेंब वायरच्या डबीकडे सरकत होता.

गप्प राहिले तर पातेलं संध्याकाळी जाईल, घर मोकळं, पारणं घरीच. बोलले तर ते इथेच राहणार. जपाला बसले. पण कुणी अनोळखी माणूस ओल्या हातानं त्या पातेल्याला हात लावतोय, एवढंच डोळ्यांपुढे येई. माळ खाली ठेवून फोन केला.

"विश्वेश, गळतंय."

तो आला आणि नट आवळायला लागला. आतलं सिलिकॉनचं वॉशर आणखी बाहेर फुगलं.

"आवळू नकोस. उघड."

पाणी काढल्यावर मी भोकाच्या कडेवर बोट फिरवलं. खवणीसारखी धार! वॉशरला चीर पडली होती.

"धार घासली नाहीस."

"घाई होती." आता आवाज मऊ नव्हता. "पुदुच्चेरीचा सूर्यनारायण म्हणून आहे, घरी बिअर करतो. दुकानात दहा जणांनी विचारलं असतं, म्हणून इथे आणलं. तुझ्या पारण्याआधी बाहेर काढायचं होतं."

"कळलं होतं मला."

"मग आत्ताच दुकानात नेतो."

"तिथे घाईत पुन्हा तसंच बसवशील. कानशीनं घास, नवं वॉशर घाल, माझ्यासमोर. सकाळपर्यंत भरलेलं राहू दे."

"आणि तुझं पाणी?"

मी पिठाचा डबा आणला. खाली नवं पीठ पसरलं.

सकाळी पीठ जसंच्या तसं. कोरडं. विश्वेशनं तीनदा वाकून पाहिलं आणि गाडीवाल्याला फोन लावला. गाडी यायला नऊ वाजणार होते. तोवर पारण्याची वेळ टळली असती. मी तांब्या आणि हादग्याचा पाला घेऊन शेजारच्या वरलक्ष्मीच्या दारात गेले.

"काय हो, द्वादशीला आमच्याकडे पाणी?" तिनं माझ्या खांद्यावरून आमच्या पडवीकडे मान लांबवली. "घरी काय झालं?"

"नळ बिघडलाय," मी म्हणाले.

माझा आवाज लोण्यासारखा झाला होता.