शर्टाचा लेख

मी मनोविश्लेषणाच्या एका त्रैमासिकाचा जुना अंक आहे. मित्रांनो, माझं नाव तुम्ही ऐकलं नसेल. मनाच्या आजारांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी डॉक्टरांसाठीच आम्हाला काढलेलं असतं. दुकानात आम्ही दिसत नाही.

छापण्याआधी माझी कच्ची पानं संपादकांच्या टेबलावर पडलेली असत. स्वल्पविराम चुकलेला त्यांना मुळीच खपत नसे. माझ्यातला मुख्य लेख एका नावाजलेल्या डॉक्टरांचा होता. त्यांच्याकडे येणाऱ्या एका बाईंचा थोरला मुलगा शाळेत असतानाच वारला होता. दर रविवारी त्या त्याचा गणवेशाचा शर्ट धुऊन, इस्त्री करून ठेवत. बरेच महिने उपचार झाल्यावर एकदा त्या अडखळत बोलून गेल्या, "थोरल्याऐवजी धाकटा गेला असता तर, असं मनात येतं हो."

हे सगळं लेखात होतं.

"बाईंना विचारलंत ना?" संपादकांनी विचारलं.

"नाव बदललंय, वय बदललंय," डॉक्टर म्हणाले.

"आणि शर्ट?"

"शर्ट काढला तर लेखात उरतं काय?"

संपादक हसले आणि पुढच्या स्वल्पविरामाकडे वळले.

मी छापून आलो आणि माझा नुसता उदोउदो झाला. लेखाला पारितोषिक मिळालं. डॉक्टरांना ठिकठिकाणी भाषणांची बोलावणी आली.

मग समुपदेशन शिकणाऱ्या एका मुलीनं मला ग्रंथालयातून घरी नेलं. ती त्याच बाईंची सून होती. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ती वाचत होती. शर्टापाशी आली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. नवऱ्यानं, म्हणजे त्या धाकट्या मुलानं, मला तिच्या हातातून ओढून घेतलं. उभ्या उभ्या त्यानं ते पान दोनदा वाचलं.

"आई, हे खरंय?"

बाई भाजी निवडत होत्या. त्यांनी पान पाहिलं. हातातली जुडी त्यांनी खाली ठेवली.

"होतं रे. तेव्हा होतं. म्हणून तर डॉक्टरांकडे जात होते. आता तसं..."

पण तो पुढचं ऐकायला थांबला नाही. महिना उलटायच्या आत त्यानं वेगळं बिऱ्हाड केलं.

बाई मला घेऊन डॉक्टरांकडे गेल्या.

"तुमचं नाव कुठेही छापलेलं नाही," डॉक्टर शांतपणे म्हणाले.

"माझ्या मुलाला नाव कशाला लागतं, डॉक्टर? शर्ट त्याच्या डोळ्यांसमोर वाळायचा."

डॉक्टर म्हणाले, "या रागाबद्दल आपण पुढच्या वेळी बोलू." बाई पुन्हा तिकडे फिरकल्या नाहीत. मला मात्र डॉक्टरांनी आठवणीनं ग्रंथालयात परत पाठवलं.

आता माझी शिवण उसवली आहे. बाकीच्या पानांना कुणी हात लावत नाही, पण या लेखाची पानं बोटांनी मळली आहेत. शिक्षक अजून विद्यार्थ्यांना सांगतात, "शर्टाचा लेख वाचल्याशिवाय परीक्षेला बसू नका." लेखाचं शेवटचं वाक्य असं आहे: 'रुग्ण आता कुटुंबात रमली आहे.' ते खोडायला कुणी आलेलं नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. वाळवी लागली तर खुशाल लागू द्या. पण उद्या तुमच्यापैकी कुणी डॉक्टर झालं आणि एखाद्यानं बंद दाराआड मन मोकळं केलं, तर ते लिहिण्याआधी त्याला विचारा. नको म्हणाला तर लेखणी खाली ठेवा. विचारणं काही अवघड नव्हतं. त्या बाई दर मंगळवारी डॉक्टरांच्या समोरच बसत होत्या.