माझी मूठ आणि लाकडाच्या गाड्या

मित्रांनो, माझ्या पोटात दातेरी चाकं आहेत आणि त्यांना स्वस्थता ठाऊक नाही. मी एक जुनं, हातानं मूठ फिरवून चालवायचं हिशोबाचं यंत्र. एका लिलावातून बापूजींनी मला चांद्याला, लाकडाच्या कचेरीत आणलं. जंगलातून स्टेशनावर जाणाऱ्या बैलगाड्यांची आखणी ते करत.

सत्तावन्न साली ठेकेदारानं बजावलं, अंधारी नदीला पाणी येण्याआधी सारं लाकूड पोचलं नाही, तर पुढच्या हंगामात बैलगाड्या बंद, ट्रक सुरू. गाडीवानांचं पोट त्यावरच होतं.

भरलेल्या गाड्या वाटेत एकमेकींना ओलांडतात, हे बापूजींनी पाहिलं होतं. गाडीवान वारलू चांद्याजवळच्या जंगलातलं लाकूड मूल गावच्या स्टेशनावर नेई, सुकलू मूलजवळचं चांद्याला. जो तो आपल्या घराकडचं स्टेशन गाठी. जंगल मात्र बदलत नसत. ज्या जंगलातल्या वाघोबाला नारळ फोडला, तिथलंच लाकूड हंगामभर ओढायचं. म्हणून बापूजींनी स्टेशनं बदलली. माझी मूठ गरगर फिरली, एकूण अंतर पुष्कळ घटलं. केवढा आनंद झाला मला!

दुसऱ्या सकाळी एकही गाडी जुंपली गेली नाही. आभाळ भरत होतं, माझी चाकं तळमळत होती.

"बापूजी," वारलू म्हणाला, "लाकडाची वाट कमी झाली, माही वाढली. बैल चांद्यात अन् चारा-तणीस घरी मूलले!"

"तुमच्या मशीनले बैल दिसत नाई का?" सुकलू हसला.

"मंग जंगल बदला," बापूजी म्हणाले. "पण तुमचा नारळ..."

वारलूची बायको चंदाबाई कडाडली, "नारळच न? दुसरा फोडा! तुमी मानसं दिवसातून दोनदा जेवता, वाघोबाले काऊन एकच?"

बापूजींनी स्वतः नारळ आणले. मग रिकाम्या गाडीची घरापर्यंतची वाटही हिशोबात धरून त्यांनी माझी मूठ पुन्हा फिरवली. वारलू-सुकलूंनी जंगलांची अदलाबदल केली. शेवटची गाडी अंधारी ओलांडून गेली, तेव्हा तिची चाकं निम्मी भिजली होती. ठेकेदारानं बैलगाड्या कायम ठेवल्या.

त्याच पावसाळ्यात बापूजी तापानं गेले. मला कुणी हात लावेना. मूठ गंजू लागली, आत चाकं धडपडत राहिली.

दिवाळीनंतर नवी आखणी हवी होती. वारलू बापूजींच्या मुलीला, कमळाला, घेऊन आला. तिनं धूळ पुसली, दात्यांना तेल दिलं, मूठ धरली. आणि सोडली.

"वारलूकाका, यंदा कोनाचा बैल बिमार हाय का?"

मित्रांनो, यंत्राला तेल द्याच. पण मूठ फिरवण्याआधी माणसांना विचारून घ्या. तोवर मी थांबेन. मला थांबणं जमत नाही, तरीही.