पन्नासचं टोकन

रुकय्याखालाच्या खाणावळीचं टोकन म्हणजे पन्नास रुपये, याबद्दल भिवंडीच्या त्या गल्लीत कुणाच्या मनात शंका नव्हती. लूमवरचे कामगार पगाराच्या दिवशी पंधरवड्याची टोकनं विकत घेऊन ठेवत. एक टोकन दिलं की एक थाळी, थाळी नको असेल तर रोख पन्नास. त्यामुळे चहावालाही ते बिनदिक्कत घेई आणि किराणावाला रामनाथ नोटेऐवजी तेच हातावर ठेवी. नऊ वर्षांत हा भाव हलला नव्हता आणि खालाला त्याचा भारी अभिमान.

मग गॅस महागला, तेल महागलं आणि खालाची झोप उडाली. टोकनाचा भाव वाढव, असं मुलगा हमजा सांगून थकला. पण खाला दिल्या शब्दाला चिकटून राहिली. लोकांना धीर द्यावा म्हणून तिने दारावर पाटी लावली : टोकन पन्नासचंच राहणार. तोवर कुणी विचारलं तरी होतं का? पाटी वाचली आणि ज्याच्या त्याच्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून रांग. थाळी कुणालाच नको, सगळ्यांना रोकड हवी. रामनाथ साठ टोकनं घेऊन उभा राहिला, तेव्हा मात्र तिला फार लागलं.

"रामनाथशेठ, तुमचाही माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर हाय, भाभी," तो खाली बघत म्हणाला. "ह्या रांगेवर न्हाय."

तिने तीन हजार मोजून दिले. गॅसचे पैसे गेले, भाड्याचे गेले. दुपारी डाळ-तांदळाची पोती हमजाने रामनाथलाच पडेल भावात विकली. चारच्या सुमाराला गल्ला रिकामा झाला आणि रांगही संपली. एकाचाही रुपया बुडवला नाही, एवढ्या समाधानावर खाला टेकली.

तेवढ्यात शिफ्ट सुटून अनंता आला. त्याच्याकडे बावीस टोकनं होती, पगारातून जेवणासाठी काढून ठेवलेली.

"सगळे बोलत होते, जाऊन पैसे घेऊन ये," बाकावर बसत तो म्हणाला. "मी बोललो, खाला काय पळून जाणार हाय?"

त्याने एक टोकन पुढे सरकवलं, बाकीची खिशात ठेवली. खालाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांनी विश्वास सोडला त्यांचे पैसे तिने चुकते केले होते. ज्याने ठेवला त्याच्यासाठी मूठभर तांदूळही उरला नव्हता. हे सांगायला ती बाकाकडे वळली.

अनंता हात धुवायला उठला होता. "भाजी कसली हाय आज?" त्याने नळावरूनच विचारलं.